डॉलरचं जहाज, युरोची बंदरं

क्रूझचं बुकिंग करताना एक मोठी रक्कम भरली की राहणं, जेवणखाण, करमणूक सगळं त्यात आलं असं वाटतं. बऱ्याच अंशी ते खरंही आहे. पण जहाजावर चढल्यापासून उतरेपर्यंत आपल्या नावावर आणखी एक खातं चालू असतं. ते कोणत्या चलनात चालतं आणि त्या चलनाचं आपल्या चलनात रूपांतर कोण करतं, यावर शेवटचा आकडा बराच हलतो. पिरिअसहून निघून सँटोरिनी, कुशादासी, कोटोर, दुब्रोव्निक करत ट्रिएस्टला उतरायचं, अशी आमची सफर होती. आई, दादा, वहिनी, त्यांचा पंधरा वर्षांचा मुलगा आणि मी, दोन केबिनमध्ये मिळून. पैशांचं सगळं माझ्याकडे होतं आणि ते मी मनापासून केलं. कारण सुट्टीचा आनंद बिलापाशी येऊन विरजताना मी इतरांच्या बाबतीत पाहिलेलं आहे.

सुरुवात केली ती जहाजाचं चलन कोणतं, या प्रश्नापासून. ते बंदरावरून ठरत नाही, कंपनीवरून ठरतं. अमेरिकन कंपनीचं जहाज ग्रीसच्या किनाऱ्याला लागलेलं असलं तरी त्यावरची कॉफी डॉलरमध्येच मोजली जाते. इटालियन कंपन्यांच्या जहाजांवर भूमध्य समुद्रात युरो चालतो, ब्रिटिश पी अँड ओवर पाउंड. आमचं जहाज डॉलरचं होतं. बंदरांवर युरो, कुशादासीला तुर्की लिरा, आणि हे सगळं शेवटी ज्या चलनात माझ्या कार्डाच्या स्टेटमेंटवर उमटणार ते माझं स्वतःचं चलन. म्हणजे चार चलनं. कागदावर चार रकाने आखले आणि कुठला खर्च कुठल्या रकान्यात पडणार ते मांडलं, तेव्हा एक गोष्ट उघड दिसली. सगळ्यात मोठा रकाना डॉलरचा होता, पण डॉलरच्या नोटांची गरज जवळपास नव्हती. जहाजावर रोख चालतच नाही. कॅसिनोत चालते, कुणाला स्वखुशीनं हातात काही द्यायचं असेल तर चालते. बाकी सगळं केबिन उघडायच्या कार्डावर, त्यानं केलेला खर्च जहाजाच्या खात्यावर चढत जातो.

मग घरातली सगळी कार्डं टेबलावर मांडली आणि प्रत्येकाचा परकीय चलनावरचा मार्कअप, म्हणजे रूपांतरावर बँक लावते ते जादा टक्के, शोधला. हा आकडा बँकेच्या शुल्कपत्रकात असतो, जाहिरातीत नसतो. माझ्या रोजच्या कार्डावर तो साडेतीन टक्के निघाला, दादाच्या एका कार्डावर दोन टक्के. हजार डॉलरच्या खर्चामागे पंधरा डॉलरचा फरक, तेही नुसतं पाकिटातलं दुसरं कार्ड काढून दिल्यामुळे. दादाचं ते कार्ड जहाजासाठी ठरलं. शिवाय अनेक चलनं भरता येतात असं प्रीपेड कार्ड घेऊन त्यात फक्त युरो भरले, तेही बंदरावरच्या खर्चापुरतेच. त्या कार्डात लिरा भरलेला नव्हता, म्हणून कुशादासीला ते वापरायचं नाही हेही आधीच ठरवलं. अशा कार्डात नसलेल्या चलनात खर्च केला की दुसऱ्या चलनाच्या शिलकेतून पैसे वळते होतात आणि त्यावर वेगळं शुल्क लागतं.

प्रीपेड किंवा डेबिट कार्ड जहाजाच्या खात्याला का जोडू नये, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. चेक-इनच्या वेळी कार्ड नोंदवलं की कंपनी त्यावर एक रक्कम अडकवून ठेवते. त्याला होल्ड म्हणतात. हा खर्च नसतो, पुढच्या खर्चाची हमी असते. खर्च वाढत गेला की नवे होल्ड पडत जातात. क्रेडिट कार्डावर त्यामुळे फक्त मर्यादा कमी होते. डेबिट कार्डावर मात्र तुमचे खरे पैसे अडकतात आणि सफर संपल्यावरही ते सुटायला बँकेनुसार काही दिवस लागतात. शेजारच्या रांगेतल्या एका वयस्क जोडप्यानं खात्यात जेमतेम खर्चापुरते पैसे ठेवून डेबिट कार्ड दिलं होतं. सफरीच्या मध्यावर ते बंदरावरच्या एटीएमपाशी भेटले तेव्हा मशीन ‘पुरेशी शिल्लक नाही’ म्हणत होतं. पैसे होते, पण होल्डमध्ये. कार्ड अजिबात द्यायचं नसेल तर काउंटरवर रोख अनामत भरायचीही सोय असते, आणि उरलेले पैसे शेवटी परत मिळतात. क्रेडिट कार्ड नसलेल्यांना मी तेच सुचवेन.

आता चेक-इनच्या काउंटरवरची गोष्ट जरा जवळून सांगते, कारण सगळ्या सफरीतला सगळ्यात महाग क्षण तोच असू शकतो. टर्मिनलमधल्या मुलीनं दादाचं कार्ड टॅबला लावलं आणि सहीसाठी स्क्रीन त्याच्यासमोर धरली. त्यावर बारीक अक्षरात एक परिच्छेद होता आणि खाली आधीच टिक केलेला एक चौकोन. मी म्हटलं, “दादा, थांब जरा, वाचू दे मला.” मजकुराचा अर्थ असा होता की तुमच्या सोयीसाठी अंतिम बिल डॉलरमध्ये न आकारता तुमच्या कार्डाच्या चलनात आकारलं जाईल आणि रूपांतराचा दर कंपनी ठरवेल. यालाच डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन, म्हणजे डीसीसी म्हणतात. ऐकायला सोयीचं वाटतं, कारण आकडा आपल्या ओळखीच्या चलनात दिसतो. पण त्या दरात विक्रेत्याचा आणि रूपांतर करणाऱ्या कंपनीचा वाटा मिसळलेला असतो. तीन-चार टक्के सहज, कधी त्याहून जास्त. व्हिसा आणि मास्टरकार्ड स्वतःचे दर रोज आपल्या संकेतस्थळावर देतात आणि ते बाजारभावाच्या बरेच जवळ असतात. दुसरी गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. बिल आपल्याच चलनात आलं तरी विक्रेता परदेशी असल्यामुळे काही बँका त्यावर परदेशी व्यवहाराचं शुल्क लावतातच. म्हणजे दोन्हीकडून कात्री.

व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांनुसार हा पर्याय ग्राहकाला विचारूनच द्यायचा असतो, नाकारायचा हक्क आपला असतो. मी टिक काढायला सांगितली. ती मुलगी म्हणाली, तिच्या टॅबवरून होत नाही, जहाजावर गेस्ट सर्व्हिसेसला सांगा. चढल्यावर सामान केबिनमध्ये यायच्या आधीच मी दादाला घेऊन त्या काउंटरवर गेले. तिथे एक छोटा फॉर्म मिळाला, दादानं सही केली आणि त्याची प्रत मी मागून घेतली. पहिल्याच दुपारी जायचं कारण म्हणजे तेव्हा त्या काउंटरवर गर्दी नसते, सगळे जहाज बघत फिरत असतात. शेवटच्या रात्री याच कामासाठी लांबच लांब रांग लागलेली मी पाहिली. त्यातल्या काहींना बिल तयार झाल्यामुळे आता बदल होणार नाही असं सांगण्यात आलं.

एकदा हे मार्गी लागलं की जहाजावरचा खर्च ओळखायला सोपा आहे. तो तीन वाटांनी येतो. काही आपण मागतो, काही आपोआप लागतो, आणि काही मागितलेल्याला चिकटून येतो. आपोआप लागणाऱ्यात सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे रोजची ग्रॅच्युइटी, म्हणजे जहाजावरच्या कर्मचाऱ्यांसाठीची ठरावीक टिप. अमेरिकन कंपन्यांच्या जहाजांवर ती साधारण माणशी, दिवसाला 16 ते 20 डॉलर असते, सुइटसाठी आणखी जास्त. मुलांनाही लागते, अगदी तान्ह्या बाळांना काही कंपन्या सोडतात तेवढंच. 18 डॉलर धरले तर चौघांच्या कुटुंबाला आठवड्याला 504 डॉलर होतात. केबिन झाडणारा, जेवण वाढणारा, पडद्याआड राबणारी माणसं यांच्यात ती वाटली जाते, त्यामुळे ती कापून घ्या म्हणणं मला पटत नाही. पण ती येणार आहे हे आधी माहीत असावं आणि शक्य असेल तर बुकिंगबरोबरच भरून टाकावी. आम्ही तसंच केलं. त्यामुळे ती रक्कम जहाजाच्या खात्यावर आलीच नाही आणि होल्डही तेवढा कमी पडला.

चिकटून येणारा खर्च आईनं पकडला. संध्याकाळी डेकवर तिनं लिंबाचं सरबत मागवलं. वेटरनं पावती आणून दिली. आईनं चष्मा लावून ती नीट वाचली आणि विचारलं, “अगं, हे अठरा टक्के कसले? आणि खाली पुन्हा एक रिकामी ओळ आहे, तिथे काय लिहायचं?” तिचं बोट बरोबर जागेवर होतं. सरबताच्या किमतीखाली 18 टक्के सर्व्हिस चार्ज आधीच जोडलेला होता, त्याखाली बेरीज होती, आणि त्याच्याही खाली ‘अतिरिक्त टिप’ अशी रिकामी ओळ. ज्यांना वरची ओळ दिसत नाही ते खाली पुन्हा टिप लिहितात, आणि रोजची ग्रॅच्युइटी धरली तर एकाच सरबतावर तीनदा देऊन बसतात. मी म्हटलं, “आई, तिथे आडवी रेघ मार, एकूण रकमेपुढे वरचाच आकडा लिही आणि सही कर.” पुढे सगळी सफर ती तसंच करत राहिली, आणि पावतीची आपली प्रत पर्समध्ये जपून ठेवत राहिली. ते पुढे उपयोगी पडलं. स्पा आणि जादा पैसे मोजून जायची रेस्टॉरंट्स इथेही हेच गणित असतं. त्यामुळे यादीतली किंमत वाचताना मनात पाचवा हिस्सा वाढवूनच वाचायची.

ड्रिंक्स पॅकेज घ्यायचं का, यावर वहिनीचा आणि माझा थोडा वाद झाला. बहुतेक कंपन्यांचा नियम असा की एका केबिनमधल्या एका प्रौढानं मद्याचं पॅकेज घेतलं तर त्याच केबिनमधल्या दुसऱ्या प्रौढालाही घ्यावं लागतं. दादा घेणार, वहिनी मद्य घेतच नाही. हिशेब केला तर दादानं रोज भरपूर प्यायलं तरच दोघांचं मिळून वसूल होणार होतं. नाही घेतलं. बंदरावर जास्त वेळ घालवणाऱ्यांना अशी पॅकेजेस क्वचितच परवडतात, कारण दिवसातले कितीतरी तास आपण जहाजावर नसतोच.

रोज रात्री झोपायच्या आधी खातं बघायचं, हा मी घालून घेतलेला नेम. केबिनमधल्या टीव्हीवर किंवा जहाजाच्या ॲपवर ते दिसतं, आणि जहाजाचं स्थानिक नेटवर्क वापरायला इंटरनेटचं पॅकेज लागत नाही. रोखीनं खर्च करताना पाकीट हलकं होत जातं आणि हात आपोआप आखडतो. जहाजावर ते होत नाही, म्हणून आकडा मुद्दाम डोळ्यांसमोर आणावा लागतो. पुतण्याच्या कार्डावर तर मी पहिल्याच दिवशी खर्चाची मर्यादा घालून घेतली. मुलांच्या कार्डावरची खरेदी पूर्ण बंद करता येते किंवा रकमेची हद्द घालता येते, पण ती आपणहून कुणी घालून देत नाही, मागावी लागते. गेम्सच्या हॉलमध्ये मशीनला कार्ड लावलं की खेळ सुरू, आणि तिथे पावतीही येत नाही. आपल्या मर्यादेतले पैसे कसे पुरवायचे ते त्यानं स्वतः ठरवलं, वहीत लिहिलं आणि मला दाखवलं. मला त्याचं कौतुक वाटलं.

अशाच एका रात्री आईच्या खात्यावर बारचं एक बिल दिसलं, दोन कॉकटेल. आईनं आयुष्यात कॉकटेल घेतलेलं नाही. सकाळी तिच्या जपून ठेवलेल्या पावत्या घेऊन काउंटरवर गेले. तिथल्या माणसानं मूळ सही केलेली पावती शोधून काढली, केबिनचा एक आकडा चुकीचा टंकला गेला होता. दहा मिनिटांत नोंद वळती झाली. हेच शेवटच्या दिवशी सापडलं असतं तर तक्रार तेवढीच खरी असती, पण ऐकून घ्यायला कुणाला सवड नसती.

आता बंदरं. सँटोरिनीला उतरण्याआधीच खात्यावर माणशी एक नवी ओळ आली होती. ग्रीसनं 21 जुलै 2025 पासून क्रूझच्या प्रवाशांवर शुल्क लावलं आहे. जून ते सप्टेंबर या गर्दीच्या काळात सँटोरिनी आणि मिकोनोससाठी ते माणशी 20 युरो, इतर बंदरांसाठी त्याहून बरंच कमी. हे शुल्क जहाजकंपनी गोळा करते, आमच्याकडून ते खात्यावर डॉलरमध्ये रूपांतर करून घेतलं. वहिनीला ते फसवणुकीसारखं वाटलं, पण ते कायद्यानं लागलेलं आहे आणि टाळता येत नाही. बुकिंग करताना आपल्या रकमेत बंदरांचे कर धरले आहेत का आणि हे शुल्क त्यात येतं का, एवढं विचारून घ्यावं.

सँटोरिनीवरच्या फिरा या मुख्य गावाच्या गल्लीत सुटे युरो हवे म्हणून एटीएमपाशी गेले. पर्यटकांच्या गर्दीच्या ठिकाणी बँकांची मशीनं कमी आणि खासगी कंपन्यांची जास्त असतात. मी जरा चालत जाऊन एका बँकेच्या दाराला लागून असलेलं मशीन शोधलं. तरीही रक्कम टाकल्यावर स्क्रीनवर तोच डीसीसीचा प्रश्न आला. वर माझ्या चलनातली रक्कम ठळक अक्षरात, खाली दर, त्याखाली मार्कअप बारीक अक्षरात, आणि दोन बटणं. मोठं हिरवं ‘रूपांतर स्वीकारा’, आणि कोपऱ्यातलं करडं ‘रूपांतर नाकारा’. मागे उभी असलेली वहिनी घाबरली. “अगं, नाकारलंस तर व्यवहारच रद्द होईल, कार्ड आत राहिलं तर?” ही भीती पुष्कळांना वाटते आणि स्क्रीनची मांडणीच अशी असते की ती वाटावी. ‘नाकारा’ दाबल्यानं फक्त त्या मशीनचं रूपांतर नाकारलं जातं. पैसे युरोत मिळतात, खात्यातून युरोतच मागितले जातात, आणि रूपांतर तुमचं कार्ड करतं. मी दाबलं. नोटा आल्या. मग तिनंही तिच्या कार्डावर तसंच केलं, आणि पुढच्या प्रत्येक दुकानात कार्डाच्या मशीनवर दोन चलनं दिसली की तीच आधी म्हणायची, “युरो, युरो.”

मशीननं दिलेल्या 50 च्या नोटा मी लगेच एका मोठ्या दुकानात मोडून 5 आणि 10 च्या करून घेतल्या. बस, स्वच्छतागृह, पाण्याची बाटली यांना तेच लागतात. नाणी मात्र साठू द्यायची नाहीत. परतल्यावर चलन बदलून देणारे नोटा घेतात, नाणी घेत नाहीत.

कुशादासीला चित्र एकदम वेगळं. दुकानांतल्या पाट्यांवर युरो, बोलण्यात डॉलर, आणि कार्डाच्या मशीनवर लिरा. लिऱ्याचं मूल्य गेली कितीतरी वर्षं घसरत आलेलं आहे, महागाई मोठी आहे, म्हणून पर्यटकांशी व्यवहार करणारे लोक स्थिर चलनात भाव सांगतात. 2005 मध्ये तुर्कस्ताननं लिऱ्यावरची सहा शून्यं काढून टाकली, त्यामुळे कुणाच्या घरी जुन्या लाखांच्या नोटा पडल्या असतील तर त्या आता केवळ आठवण. एफेससच्या अवशेषांच्या तिकिटाचा दरसुद्धा युरोत ठरवलेला असतो आणि त्या दिवसाच्या दरानं लिऱ्यात घेतला जातो. तिथे मी एक रीत पाळली. भाव युरोत विचारायचा, मग ‘लिऱ्यात किती’ असं विचारायचं, फोनवर आकडेमोड करायची आणि जे स्वस्त असेल ते कार्डानं द्यायचं. बहुतेक ठिकाणी लिरा स्वस्त पडला, कारण दुकानदाराचा युरोचा भाव स्वतःच्या सोयीनं गोल केलेला असतो. आईला एक ओढणी आवडली, तिथे दुकानदार आजोबांनी आपणहूनच लिऱ्याचा भाव सांगितला आणि कॅल्क्युलेटर आमच्याकडे वळवून दाखवला. लिऱ्याच्या नोटा मी फार थोड्या काढल्या आणि जहाजाकडे परतताना बंदराच्या दाराशीच संपवल्या. घरी नेऊन ठेवण्याचं ते चलन नव्हे.

कोटोर आणि दुब्रोव्निकला तयारीच फार लागली नाही. मॉन्टेनेग्रो युरोपियन संघात नाही, तरी तिथे युरोच चालतो. क्रोएशियात 1 जानेवारी 2023 पासून युरो आहे. दादाच्या मित्रानं आधीच्या सहलीतून उरलेले कुना, म्हणजे तिथलं जुनं चलन, मोठ्या प्रेमानं दिले होते. दुकानात त्यांचा आता काही उपयोग नाही, नोटा तिथल्या मध्यवर्ती बँकेतच बदलून मिळतात. त्या दादानं तशाच परत नेल्या. मित्राला परत देताना त्याला बरं वाटावं म्हणून त्यानं दुब्रोव्निकचं एक पोस्टकार्डही घेतलं.

दुब्रोव्निकच्या तटबंदीची तिकिटं आदल्या दिवशी समुद्रावरूनच काढावीत असं ठरलं होतं. ते जमलं नाही, आणि त्याचं कारण प्रत्येकानं लक्षात ठेवण्यासारखं आहे. ऑनलाइन पैसे भरताना बँक ओटीपी पाठवते तो एसएमएसनं, फोनच्या नेटवर्कवर. समुद्रात फोनला जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क मिळतं आणि त्याचे दर बहुतेक रोमिंग पॅकमध्ये येत नाहीत, म्हणून सगळ्यांचे फोन फ्लाइट मोडवर होते. वाय-फाय सुरू, पण ओटीपी येणार कसा? बंदराला लागल्यावर तिथलं नेटवर्क आलं आणि दोन मिनिटांत काम झालं. त्यानंतर मी बँकेच्या ॲपमधून व्यवहाराला मान्यता देण्याची सोय सुरू करून घेतली, ती वाय-फायवरही चालते. ज्यांच्या बँकेत ही सोय आहे त्यांनी ती घरूनच सुरू करून निघावं. बँकेचा व्यवहाराचा इशारासुद्धा ईमेलवर मागवून ठेवावा, म्हणजे कार्डावर काही झालं तर समुद्रातही कळतं.

एक खर्च कुठल्याच रकान्यात धरलेला नव्हता. कोटोरहून निघाल्यावर समुद्र खवळला आणि आईला उलट्या थांबेनात. जहाजावरचा दवाखाना चांगला असतो, डॉक्टर तत्पर होत्या, इंजेक्शन दिलं, दोन तास सलाइन लावून ठेवलं. पैशांचा विचार तेव्हा करूच नये, आधी माणूस. पण हे उपचार क्रूझच्या भाड्यात येत नाहीत, त्यांचं बिल थेट केबिनच्या खात्यावर जातं आणि ते बरंच मोठं असतं. आईला बरं वाटल्यावर मी दवाखान्यातून तपशीलवार बिल मागून घेतलं. निदान, दिलेली औषधं, प्रत्येकाची वेगळी किंमत, डॉक्टरांची सही आणि तारीख. नुसती खात्यावरची ‘वैद्यकीय सेवा’ ही एक ओळ विमा कंपनीला चालत नाही. जहाजाच्या अंतिम बिलाची प्रत आणि ज्या कार्डावरून पैसे गेले त्याचं स्टेटमेंट अशी तीन कागदपत्रं एकमेकांना जुळायला लागतात. आईच्या प्रवास विम्यात जहाजावरचे उपचार स्पष्ट लिहिलेले होते, हे मी निघण्यापूर्वी वाचून घेतलं होतं. त्या एका वाचनानं त्या रात्री मी शांतपणे तिच्या उशाशी बसू शकले.

शेवटचा दिवस ऑनबोर्ड क्रेडिटचा. बुकिंगच्या वेळी सवलत म्हणून दर केबिनला काही डॉलर जमा मिळाले होते. हे क्रेडिट दोन प्रकारचं असतं. एक न वापरल्यास रोख परत मिळणारं, दुसरं न वापरल्यास बुडणारं. सवलतीतलं बहुधा दुसरंच असतं. आमचं तेच होतं, आणि ते कॅसिनोत चालत नाही. शिवाय जहाजावरची दुकानं बंदरात जहाज उभं असताना सीमाशुल्काच्या नियमांमुळे बंद असतात, तेव्हा खरेदी समुद्रात असतानाच करावी लागते. वहिनीनं त्यातून एक घड्याळ घेतलं, आईनं पायांचं मालिश करून घेतलं. खवळलेल्या समुद्रानंतर तिला ते फार आवडलं.

रात्री दहाला खात्याची अंतिम यादी ॲपवर आली. मी आणि दादा पलंगावर पावत्या पसरून बसलो, एकेक ओळ वाचली, टिकमार्क केली. डीसीसी नाकारल्याच्या फॉर्मची प्रत समोर होतीच, एकूण रक्कम डॉलरमध्येच होती. सगळं जुळत असेल तर काहीच करायचं नसतं, पहाटे कार्डावर रक्कम आपोआप आकारली जाते आणि सकाळी सरळ उतरून जाता येतं. आम्ही सकाळी ट्रिएस्टला उतरलो तेव्हा गेस्ट सर्व्हिसेसपाशी रांग जिन्यापर्यंत गेली होती.

घरी आल्यावर महिनाभर कार्डाचं स्टेटमेंट बघत राहावं लागतं. होल्ड एकदम सुटत नाहीत, काही दिवस अडकलेली रक्कम आणि खरी आकारलेली रक्कम अशा दोन्ही दिसतात, तेव्हा दोनदा पैसे गेले असं समजून घाबरून जाऊ नये. ज्यावर ‘प्रलंबित’ लिहिलेलं असतं ते गळून पडतं. आमच्या कार्डावरची डॉलरची रक्कम कार्डाच्या नेटवर्कच्या, म्हणजे व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या, त्या दिवसाच्या दरानं आणि बँकेच्या दोन टक्क्यांनी अचूक जुळली. हा दर बिल प्रक्रियेत आलं त्या दिवसाचा असतो, खर्च केला त्या दिवसाचा नसतो, म्हणून थोडा पुढेमागे होऊ शकतो.

आठवड्याभरानं त्याच कार्डावर जहाजाकडून आणखी एक छोटी रक्कम आली, केबिनमधल्या मिनीबारची म्हणून. आम्ही त्या फ्रिजला हातही लावला नव्हता. मी उतरायच्या सकाळी मिनीबारचा फोटो काढून ठेवला होता. तो जोडून, अंतिम बिलाची प्रत लावून ईमेल केला, केबिनचा क्रमांक आणि तारीख लिहिली. काही दिवसांनी दिलगिरीचं उत्तर आलं आणि डॉलरमधली पूर्ण रक्कम परत जमा झाली. माझ्या चलनात मात्र ती घेतलेल्या रकमेपेक्षा किंचित कमी भरली. मधल्या काळात दर हलला होता आणि बँकेनं मूळ व्यवहारावर घेतलेलं शुल्क परताव्याबरोबर परत दिलं नव्हतं. त्या शुल्कासाठी दादानं बँकेला वेगळा अर्ज केला, चुकीचा व्यवहार विक्रेत्यानं मान्य केल्याचा ईमेल सोबत जोडून. पुढच्या स्टेटमेंटमध्ये तेही जमा झालेलं दिसलं.